कंडक्टरबाईंची व्हॅन

मी एक जुनी व्हॅन आहे. माझा रंग कधीकाळी पांढरा होता. आता तो कोणता म्हणायचा, हे ज्याने त्याने आपल्या नजरेप्रमाणे ठरवावे. माझे डावे दार उघडताना कुरकुरते, चढावर माझा आवाज बसतो आणि थंडीच्या सकाळी मला एका हाकेत जाग येत नाही. तरीही मित्रांनो, माझ्या पोटात एक घर आहे. पलंग आहे, शेगडी आहे, पाणी आहे, दिवा आहे. हे घर माझ्यात कसे आले, त्यात कोण राहिले आणि त्यांच्यावर कोणता प्रसंग गुदरला, ते मी तुम्हांला सांगणार आहे.

एका लांबलचक कारखान्यात माझा जन्म झाला. आम्ही सगळ्या बहिणी एका रांगेत उभ्या होतो आणि हळूहळू पुढे सरकत होतो. कोणी आम्हांला चाके बसवली, कोणी दारे, कोणी दिवे. माझ्या मागच्या भागात मात्र कोणी काहीच बसवले नाही. ना खिडकी, ना बाक, नुसता पत्रा. मला वाटले, आपल्याला अर्धवटच सोडून दिले. पुढे कळले की मालाच्या गाडीचे असेच असते. तिचे पोट रिकामे असते म्हणून तर तिला काम मिळते.

मला काम मिळाले ते एका मोठ्या लॉन्ड्रीत. हॉटेलांच्या चादरी, इस्पितळांचे पडदे, खानावळींचे टेबलक्लॉथ यांची मळकी गाठोडी मी सकाळी आणायची आणि धुऊन घड्या घातलेले कपडे संध्याकाळी पोहोचवायची. इस्त्रीच्या उबेने माझा पत्रा आतून गरम राही. लॉन्ड्रीचे मालक माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणत की ही आहे म्हणून माझा शब्द पाळला जातो. अशी थाप पडली की माझे इंजिन दिवसभर गुणगुणत राही.

मग लॉन्ड्रीने माझ्याहून मोठी, नवी गाडी घेतली आणि मला बॉयलरच्या खोलीमागे नेऊन उभे केले. कोणी मला वाईट बोलले नाही. कोणी काहीच बोलले नाही. चाकांतली हवा गेली. वायपर काचेला चिकटून बसले. एका मांजरीने माझ्या सावलीत पिल्ले घातली. ती मोठी होऊन निघूनही गेली, आणि मी तिथेच होते.

एके दिवशी सकाळी मालक एका बाईंना घेऊन माझ्याकडे आले. बाई साठीच्या पुढच्या, अंगाने बारीक. पण त्या उभ्या राहत त्या पाय थोडे फाकवून, जणू खालची जमीन कधीही हलेल अशा बेताने. त्यांच्या गल्लीत त्यांना सगळे कंडक्टरबाई म्हणत, कारण नोकरीची सारी वर्षे त्यांनी बसमध्ये तिकिटे फाडण्यात घालवली होती. त्यांचे यजमान त्याच बसचे ड्रायव्हर. डोंगरातल्या रस्त्यावरची ती बस दोघांनी मिळून चालवली: ते पुढे, या मागे. ड्यूटीवर असताना दोघांचे बोलणे घंटीतून व्हायचे. बाईंनी छताखालची दोरी एकदा ओढली की बस थांबायची, दोनदा ओढली की निघायची. गर्दीत दोरीपर्यंत हात पोहोचला नाही, तर त्या हातातल्या तिकिटाच्या पंचने उभ्या दांड्यावर ठोका द्यायच्या. तेवढा आवाज ड्रायव्हरकाकांना पुरत असे. लग्न ठरायच्या आधी आपण या माणसाचा चेहरा कमी आणि मान जास्त पाहिली होती, असे बाई सांगत.

निवृत्तीनंतर ड्रायव्हरकाकांची आठवण झिजू लागली. आधी शब्द हरवले, मग नावे, मग स्वतःच्याच घरातल्या खोल्या. दुपार कलली की त्यांची तगमग सुरू व्हायची. ते खाकी शर्ट चढवून दाराशी उभे राहायचे. बस सुटायची वेळ झाली, पॅसेंजर खोळंबलेत, मला सोडा, एवढेच म्हणत राहायचे. दार लावले तर त्यावर हात आपटायचे. उघडले तर रस्त्याला लागायचे. एकदा तर ते पार बाजारापलीकडे सापडले आणि त्यांच्या पायांत चप्पलसुद्धा नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की हा आजार उतरणीचा आहे. वेग कमी करता येईल, पण थांबवता येणार नाही.

बाईंचे धाकटे भाऊ सुतारकाम करत. बोटींमधल्या केबिनी बांधण्यात त्यांची उमर गेली होती. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. एकदा लाकूड आणायला जाताना मिस्त्रींनी आपल्या भाऊजींना टेम्पोत शेजारी बसवून नेले. काका समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत दिवसभर शांत बसले. घरी येऊन पोटभर जेवले आणि गाढ झोपले. त्यामुळे बाईंनाही झोप मिळाली. दुसऱ्या दिवशी त्या भावाला म्हणाल्या, "यांना घर नकोय, यांना रस्ता हवाय. मग आपण घरच रस्त्यावर आणू."

"ताई," मिस्त्री म्हणाले, "घर रस्त्यावर आणणं यालाच लोक दिवाळं म्हणतात." पण बोलता बोलता त्यांनी कानामागची पेन्सिल काढली होती.

बाई आणि काका यांना एकच मुलगी. ती परगावी दातांची डॉक्टर होती. तिला हा बेत मुळीच पटला नाही. अशा आजाराच्या माणसांसाठी असलेले एक चांगले सेवाघर तिने पाहून ठेवले होते. स्वच्छ खोल्या, मायाळू नर्स, मागे बाग. फक्त त्याच्या फाटकाला कायम कुलूप असे, आणि बाईंचे मन त्या कुलपाशीच अडले. मित्रांनो, लेक वाईट नव्हती. तिचा जीव दोघांसाठीही तुटत होता. बाबांना तू सांभाळशील, पण तुला कोण सांभाळणार, असे तिने आईला विचारले. बाईंनी मिस्त्रींना बरोबर घेतले आणि त्या मला बघायला आल्या.

मिस्त्री माझ्याखाली सरपटत गेले, इकडेतिकडे हातोडी टोकून पाहिली आणि बाहेर येऊन म्हणाले की हाडे चांगली आहेत, कातडी तेवढी गंजली आहे. एवढ्यावर माझा सौदा झाला.

पण एक मोठी अडचण होती. बाईंना गाडी चालवता येत नव्हती. आयुष्य बसमध्ये गेले, पण स्टिअरिंगला कधी हात लावला नव्हता. ज्या वयात इतर लोक किल्ली मुलांच्या हाती देतात, त्या वयात त्या माझ्या सीटवर उशी ठेवून बसल्या. शिकवणारा मास्तर होता, पण खरे शिकवले ते शेजारी बसलेल्या काकांनी. कंगवा कोणता आणि चमचा कोणता हे त्यांना सांगता येत नसे. मात्र बाईंनी क्लच चुकीचा सोडला की ते समोर बघतच म्हणत, "हळू. पाय उचलायचा नाही, सोडायचा." पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला मैदानाच्या फाटकावर घासले. ती खूण माझ्या उजव्या कुशीवर अजून आहे. काका खाली उतरले, खुणेवरून हात फिरवला आणि अशा वेळी आरसा बघतात एवढेच म्हणाले.

इकडे मिस्त्रींनी माझे घर बांधायला घेतले. सगळ्यांत आधी त्यांनी माझा पत्रा घासून गंज काढला आणि त्याला रंगाचा हात दिला. मग भिंतींना आणि छताला आतून फोमच्या जाड शीट चिकटवल्या, कारण नुसता पत्रा उन्हात तव्यासारखा तापतो आणि थंडीत बर्फासारखा गार पडतो. त्यावर प्लायवुड आले. तोवर सगळे सुखाचे होते. पण एके सकाळी मिस्त्रींनी माझ्या छतावर खडूने चौकोन आखला आणि करवत लावली. धड छताला भोक पाडणारा हा कसला कारागीर, असे मला वाटले. मी तेव्हा मनातल्या मनात फार रडले. बाईंनीही त्यांना अडवले. मिस्त्रींनी समजावून सांगितले की माणसे रात्रभर श्वास सोडतात, शेगडी पेटली की हवा जळते, आणि बंद डब्यात झोपलेला माणूस कधीकधी सकाळी उठत नाही. त्या चौकोनात त्यांनी झाकणाचा पंखा बसवला, कडेने असे सील केले की एक थेंब आत आला नाही. गॅस साचला तर ओरडणारी एक छोटी डबी पलंगाच्या पायथ्याशी लावली. तेव्हा मला कळले की घर म्हणजे फक्त चार बाजूंनी बंद असणे नव्हे.

पाण्याची टाकी त्यांनी चाकांच्या जवळ, खाली बसवली, म्हणजे वळणावर तोल जाऊ नये. दोन बर्नरची शेगडी आली, तिच्या सिलिंडरला वेगळे बंद कपाट आले आणि आग विझवायचे लाल नळकांडे दाराशी हाताला येईल असे टांगले. ज्या वस्तूबद्दल कोणी मोठ्याने बोलत नाही, पण जिच्यावाचून कोणाचे भागत नाही, ती संडासाची पेटी पलंगाखाली सरकली. माझी बॅटरी फक्त माझ्यासाठी ठेवून घरासाठी दुसरी बॅटरी घेतली; दिवे, पंखा आणि काकांचे मधुमेहाचे इन्सुलिन ठेवायचा छोटा फ्रीज तिच्यावर चाले. ती भरायला छतावर सोलर पॅनेल लावले. पुढची सीट आणि मागचे घर यांच्यामधला पत्रा कापून मिस्त्रींनी तिथे जायची वाट केली आणि पडदा लावला. त्या वाटेवर, काकांना धरायला म्हणून, भंगारातल्या बसचा एक उभा दांडा आणून रोवला. काका आत आले, त्यांनी दांडा धरला आणि किती तरी वेळ सोडलाच नाही.

मग आम्ही निघालो. ती माझ्या आयुष्यातली सोन्यासारखी वर्षे होती. बाई चालवत, काका शेजारी बसत. कधी तळ्याकाठी, कधी एखाद्या बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात आमचा मुक्काम पडे. काकांची तगमग पुरती गेली नाही, पण दुपार कलली की बाई मला सुरू करत आणि थोडे अंतर पुढे नेत; तेवढ्याने त्यांचा जीव थाऱ्यावर येई. त्यांना बाईंचे नाव आठवत नसे. ते त्यांना "बाई" म्हणत, जसे ड्यूटीवर म्हणायचे. बाई म्हणत की नाव गेले तरी हुद्दा शाबूत आहे. हसून म्हणत आणि काकांच्या शर्टाची कॉलर नीट करत.

आता मी त्या दिवसाकडे येते.

आम्ही त्यांच्या जुन्या बसच्या रस्त्यावर गेलो होतो. तो काकांना ओळखीचा वाटे, म्हणून बाई मुद्दाम मला तिकडे नेत. आभाळ बरेच दिवस भरलेले होते, उन्हाचे तोंड दिसले नव्हते, त्यामुळे पॅनेलमधून घरच्या बॅटरीत काहीच उतरत नव्हते. फ्रीजमध्ये इन्सुलिन होते; ते गरम होऊन चालणार नव्हते. माझे इंजिन चालले की त्यावरही ती बॅटरी भरते. म्हणून जेवणानंतर बाईंनी मला घाटातल्या एका रुंद वळणावर उभे केले आणि इंजिन सुरूच ठेवले. काका मागे पलंगावर झोपले होते. बाई पलंगाच्या कडेला बसल्या, मग टेकल्या, मग त्यांचा डोळा लागला. त्या किती दमल्या होत्या, हे फक्त मला ठाऊक होते.

काका जागे झाले ते इंजिनाच्या आवाजाने. चालू गाडी आणि रिकामी ड्रायव्हरची सीट. त्यांच्या मनात तेव्हा काय आले असेल, ते मला चांगले कळते. ते उठले, शर्टाची बटणे लावली, पडदा सारून पुढे आले आणि बसले. आरसा नीट केला. हँडब्रेक सोडला.

मित्रांनो, इतके सुरेख मला त्याआधी कोणी चालवले नव्हते आणि त्यानंतरही नाही. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. वळणावर माझ्या पोटातले पाणी हिंदकळलेसुद्धा नाही. क्षणभर माझा मलाच अभिमान वाटला. मग पुढचा फाटा आला आणि माझ्या अंगावर काटा आला. तिथे रुंद रस्ता उजवीकडे, नव्या पुलाकडे वळतो. जुना रस्ता सरळ खाली नदीकडे उतरतो. काका सरळ गेले. त्यांच्या डोक्यात तोच रस्ता होता. आणि त्या रस्त्याच्या टोकाला जो पूल होता, तो मागेच पुरात वाहून गेला होता. रस्ता बंद म्हणून आडवे ठेवलेले पिंप कोणीतरी आपल्या सोयीसाठी बाजूला सारले होते. मी गाडी आहे. ज्याचा हात स्टिअरिंगवर, त्याचे मला ऐकावेच लागते.

उतारावर फळीवरचा एक डबा खाली पडला आणि बाई जाग्या झाल्या. त्यांनी आधी रिकामा पलंग पाहिला, मग पडद्याच्या फटीतून मागे पळणारी झाडे. त्या दांडा धरून पुढे आल्या. त्या रस्त्याचा शेवट त्यांनाही ठाऊक होता.

"अहो, थांबवा," त्या म्हणाल्या.

काकांनी मान वळवली नाही. "गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये," ते म्हणाले. रागाने नाही, एखाद्या नवख्या पॅसेंजरला सांगावे तसे.

बाईंनी स्टिअरिंगकडे हात नेला आणि मागे घेतला. एका बाजूला कडा होता, दुसऱ्या बाजूला दरी. थोडीशी झटापट झाली असती तरी आम्ही तिघेही खाली गेलो असतो. समोर झाडी संपत होती आणि तिच्यापलीकडे फक्त आभाळ दिसत होते. बाईंनी मागे वळून शेगडीशेजारची लोखंडी पळी उचलली आणि त्या उभ्या दांड्यावर एकच ठोका दिला.

एक ठोका.

काकांचा पाय ब्रेकवर गेला. झटका नाही, किंचाळी नाही. माझी गती उतरत गेली आणि मी रस्त्याच्या कडेला, डाव्या अंगाला, नीट उभी राहिले. त्यांनी गिअर काढला, हँडब्रेक ओढला.

"कोण उतरतंय?" त्यांनी विचारले.

बाईंनी पळी खाली ठेवली. त्या म्हणाल्या, "सगळेच. शेवटचा स्टॉप आहे."

काकांनी इंजिन बंद केले. मग ते दार उघडून खाली उतरले आणि चालत पुढे गेले. बाई धावत जाऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्यांचा हात घट्ट धरला. पुढे रस्ता तुटला होता. खाली नदी वाहत होती आणि तिच्या मध्यावर नुसता एक दगडी खांब उरला होता. काका त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिले.

"इथे पूल होता," ते म्हणाले.

"होता."

"मग मी बरोबर आलो होतो?"

"हो," बाई म्हणाल्या. "तुम्ही बरोबरच आलात. पूलच राहिला नाही."

काकांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते. बाईंनी किल्ली काढून घेतली आणि माझ्या पायरीवर बसून त्या रडल्या. मी त्यांना रडताना प्रथमच पाहत होते. काका जवळ येऊन उभे राहिले. रडणारी बाई कोण आहे ते त्यांना ठाऊक नसावे. पण ते तिथून हलले नाहीत.

हा प्रसंग बाईंना लपवता आला असता. त्यांनी लपवला नाही. घरी पोहोचल्यावर त्यांनी लेकीला फोन करून जसे घडले तसे सगळे सांगितले. लेक आली. ती आईवर ओरडली नाही. ती माझ्या ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली, स्टिअरिंगवर कपाळ टेकले आणि म्हणाली, "आई, त्या गाडीत तूही होतीस." बाई दारात उभ्या होत्या.

मिस्त्रींनी माझ्या सीटखाली एक लपवलेले बटण बसवले. ते दाबल्याशिवाय किल्ली कितीही फिरवली तरी मी सुरू होत नसे. घरची बॅटरी बाहेरच्या विजेवर भरायची सोय केली. अशी वस्तू पहिल्याच दिवशी बसवायला हवी होती, असे ते स्वतःशी पुटपुटत होते. बाई त्यानंतरही काकांना घेऊन हिंडल्या, पण जवळपासच, आणि इंजिन चालू ठेवून त्या पुन्हा कधी आडव्या झाल्या नाहीत.

पुढे काकांना माझी पायरी चढता येईना. दोनदा ते पडले. मग एका सकाळी बाईंनी त्यांचे कपडे भरले, त्यांना भावाच्या मदतीने माझ्या पुढच्या सीटवर बसवले आणि मला त्या सेवाघराकडे वळवले. कोणी त्यांना आग्रह केला नव्हता. फाटकाचे कुलूप निघाले, आम्ही आत गेलो, आणि कुलूप परत लागले तेव्हा तो आवाज ऐकून बाईंनी डोळे मिटले. सेवाघराच्या लोकांनी मला मागच्या झाडाखाली उभे राहायची परवानगी दिली. बाई माझ्यातच राहू लागल्या. दुपार कलली की परिचारिका काकांना चाकाच्या खुर्चीतून आणून माझ्या पुढच्या काचेसमोर बसवत. बाई माझे इंजिन सुरू करत. काका माझ्या दिव्यांकडे बघत ऐकत राहत. त्यांच्या बोटांची हालचाल होत असे. मला वाटते, ते गिअर बदलत असावेत.

त्या थंडीत त्यांना ताप आला आणि तो उतरला नाही.

बाईंनी मला घरी आणले, आवारात भिंतीलगत उभे केले आणि किल्ली खिळ्याला अडकवली. त्यानंतर त्या माझ्याकडे फिरकल्या नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. खिडकीतून त्या दिसत; माझ्याकडे पाठ करून भाजी निवडत बसत. माझ्या टाकीतले पाणी तसेच राहिले आणि हिरवे झाले. पॅनेलवर पाला साचला. छतावरच्या पंख्याचे रबर तडकले, मग पहिल्यांदाच आत पाणी झिरपले आणि पलंगाच्या फळीला बुरशी धरली. उंदरांनी फोम कुरतडून आपली घरे केली. दोन्ही बॅटऱ्या मेल्या. लॉन्ड्रीमागे मी एकटी होते तेव्हा मला इतके लागले नव्हते. तेव्हा मी रिकामी तरी होते.

शेवटी लेक सुट्टी काढून आली. भंगारवाल्याशी तिचे बोलणे झाले होते आणि बाईंनी मान डोलावली होती. त्याने मला न्यायच्या आधी आतले सामान काढावे म्हणून लेकीने जुने कपडे घातले आणि ती माझ्यात शिरली. तिने भांडी काढली, गादी काढली, तोंडाला फडके बांधून उंदरांचा कचरा झाडला. मग ती टाकी रिकामी करायला बसली. तिने खालचा नळ उघडला. थोडे हिरवे पाणी आले आणि थांबले. ती नळ फिरवत राहिली, टाकीवर बुक्क्या मारत राहिली. दातांचे काम करणाऱ्या त्या डॉक्टरबाई घामाघूम झाल्या.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाईंना ते बघवेना. त्या बाहेर आल्या, आवार ओलांडून माझ्या दाराशी आल्या. "आधी वरचं झाकण उघड," त्या म्हणाल्या. "हवा आत गेल्याशिवाय पाणी बाहेर कसं येईल?"

लेकीने झाकण उघडले. पाणी धोधो वाहू लागले. दोघी ते वाहून जाईपर्यंत बघत राहिल्या. मग बाईंनी पदर खोचला आणि व्हिनेगरची बाटली, ब्रश आणि बादली आणायला सांगितली. टाकी धुऊन झाल्यावर त्यांनी पंख्याचे रबर पाहिले. रबर पाहिल्यावर बुरशीची फळी पाहिली. फळी पाहिल्यावर मिस्त्रींना फोन लागला. भंगारवाला दुपारी आला, तर त्याला तिघेजण माझ्यावर चढलेले दिसले. तो चहा पिऊन परत गेला.

फळी बदलून झाल्यावर मायलेकी तिच्यावर बसल्या होत्या. तेव्हा बाई बोलल्या. त्या लेकीकडे बघत नव्हत्या, स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. "तू सेवाघराचं म्हणालीस ते चूक नव्हतं. मी दमले होते. पण दमले म्हटलं असतं, तर तुम्ही त्यांना घेऊन गेला असता. म्हणून म्हटलं नाही."

लेकीने आईचे ओले, सुरकुतलेले हात आपल्या मांडीवर घेतले आणि फडक्याने एकेक बोट पुसत राहिली. मला वाटते, तुला कोण सांभाळणार या तिच्याच जुन्या प्रश्नाचे ते उत्तर होते.

आता सुट्ट्यांमध्ये लेक मला चालवते. बाई शेजारी बसतात आणि आरसा बघ म्हणून तिला सारखे सांगतात. कधीकधी आमच्याबरोबर गल्लीतले एक शिंपीआजोबा येतात. त्यांनाही विसरायला होऊ लागले आहे. त्यांची सून तेवढा वेळ घरी निवांत झोपते. ते दर थोड्या वेळाने विचारतात की आपण कुठे चाललो. बाई दर वेळी सांगतात. तोच रस्ता, तीच झाडे, तेच तळे. दर वेळी आजोबांना ते ऐकून आनंद होतो.

मित्रांनो, मी एक साधी गाडी आहे. मला मोठे शहाणपण सांगता येत नाही. तुमच्या दारात माझ्यासारखी कोणी उभी असेल, तर तिला अधूनमधून सुरू करा. टाकीतले पाणी काढून टाका, झाकण उघडून वारा खेळू द्या, रबर तडकले असेल तर पाऊस येण्याआधी बदला. उभे राहून आम्ही जितक्या झिजतो, तितक्या चालून झिजत नाही. आणि तुमच्या घरात कोणी तोच प्रश्न परत परत विचारत असेल, तर त्याच्यावर खेकसू नका. त्याला उत्तर द्या. शिवाय जो माणूस दिवसभर उत्तरे देतो आहे, त्याच्याकडेही एकदा बघा. तो दमलो म्हणणार नाही. त्याने म्हणायची वाट पाहू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि म्हणा, आता थोडा वेळ मी.